खारवलेला राजा

मी आजवर एकदाच मेलो आहे. भाट्याच्या वाळूत, नारळी पौर्णिमेच्या दुपारी, अख्ख्या वाडीच्या टाळ्या घेत. मारणारा चांगला होता, मरणाराही वाईट नव्हता. मेल्यावर माझे पोट चिरून आतडी बाहेर ओढली, तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोन बायका तोंडाला पदर लावून उठल्या आणि माडांच्या मागे जाऊन ओकल्या. नाटकवाल्याला याहून मोठी पावती मिळत नाही.

हे सगळे झाले मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, एका राजामुळे.

तेव्हा मी पंचविशीत होतो. रत्नागिरीला कचेरीत नकला करणारा कारकून. दिवसभर कागदांच्या नकला आणि संध्याकाळी साहेबाच्या. राहायला खाडीपलीकडे भाट्याला. सकाळी तरीत, म्हणजे खाडीच्या होडीत, बसून पलीकडे जायचे, संध्याकाळी तरीत बसून परत. मुंबईची वर्तमानपत्रे आगबोटीने यायची, वकिलांच्या हातांतून फिरून चुरगळली की माझ्या वाट्याला यायची. त्यांत त्या राजाची हकिकत वर्षानुवर्षे चालली होती आणि मी ती चघळत होतो.

तिकडे राजाला म्हणायचे फारो. हा पोरवयात गादीवर बसला आणि मिशी फुटते न फुटते तोच मेला. डोंगराच्या पोटात खोदलेले त्याचे थडगे इतके अरुंद की रथ आत जाईनात. मग काय केले असेल? रथांचे आस करवतीने कापले आणि रथ आत कोंबले. चोरांनी ते थडगे दोनदा फोडले होते. त्यानंतर हजारो वर्षांनी गोऱ्या साहेबाने तिसऱ्यांदा फोडले, एवढेच की त्याला चोर कोणी म्हणेना. पेटीत पेटी, तिच्यात आणखी पेटी, शेवटची सोन्याची, आणि तिच्यात राळेने घट्ट चिकटलेला राजा. तापवलेल्या सुऱ्या घालून त्याला खरवडून काढावा लागला. सोन्याचा मुखवटा आधी निघाला, मग राजा, थोडा थोडा.

रविवारी दुपारी हे सगळे मी शेजारच्या तांडेलाच्या पडवीत मोठ्याने वाचून दाखवायचो. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. दंड माडाच्या खोडासारखे, बोलणे अगदी हळू. त्याची बायको अंगणात मासे चिरून मिठात घालत बसलेली असायची. एका रविवारी मी वाचत होतो की राजाच्या डाव्या कुशीला चीर देतात, आतडी, यकृत, फुप्फुसे काढून बरण्यांत भरतात, नाकातून आकडा घालून मेंदू ओढतात, आणि मग चाळीस दिवस देह खारात पुरून ठेवतात.

तिची सुरी थांबली.

"म्हणजे खारवल्यानी की वो त्याला!"

"खारवला," मी म्हणालो. मिसरच्या त्या सगळ्या विद्येला इतका नेमका शब्द मुंबईच्या एकाही संपादकाला सुचला नव्हता.

"डाव्या कुशीला कशाला चिरायचा? अडाणी मेले. पोटाखालनं चिरला की सगळा एकदम हातात येतो." आणि तिने हातातल्या माशावर ते करून दाखवले. "नि काळीज?"

"ते आतच ठेवतात. पुढे देवासमोर त्याचे वजन होते."

"तेवढा मात्र बरा केल्यानी," ती म्हणाली आणि पुढचा मासा घेतला.

तांडेलाला वेगळीच काळजी होती. "मग भाऊ, आता सरकार ह्याला आपल्याकडं आणणार काय?"

या प्रश्नाला हसू नका. आमच्या गावात सरकारने खरोखरच एका परमुलखातल्या राजाला आणून ठेवले होते. तो इथेच म्हातारा झाला, इथेच मेला, इथेच त्याला पुरले. राजा पकडला की रत्नागिरीला धाडायचा, हे आमच्या लोकांना आगबोटीच्या वेळापत्रकाइतके पक्के ठाऊक होते. एक राजा खणून काढलाय म्हटल्यावर तो आणखी जाणार कुठे?

वाडीत दर नारळी पौर्णिमेला दुपारी नाटक व्हायचे, संध्याकाळी भरतीला समुद्राला नारळ द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी पावसाळाभर ओढून ठेवलेल्या होड्या पाण्यात जायच्या. नाटक लिहायचे काम माझ्याकडे. राम-रावणाने मी कंटाळलो होतो. त्या वर्षी मी मिसरचा राजा लिहिला. राजा मी. दुसरा कोण होणार?

एकच अडचण होती. तो पोरगा राजा मेला कशाने हे कोणालाच ठाऊक नव्हते. पण वर्तमानपत्रात थडग्याच्या भिंतीवरचे चित्र छापले होते. त्यात हातात अवजार धरून राजाचे क्रियाकर्म त्याचा म्हातारा प्रधानच करतो आहे, आणि मागाहून गादीवर बसलाही तोच. मी कचेरीतला माणूस. वारस इतक्या लगबगीने क्रियाकर्म उरकतो तेव्हा काय समजायचे, हे मला कोणी शिकवायला नको होते. मी खून करून टाकला. प्रधान मागून येतो, राजाच्या मस्तकात सोटा घालतो, कवटी फुटते, रक्ताची धार उडते. मग सुरी, आतडी, मीठ.

प्रधानाचे काम मी तांडेलाला दिले, आणि इथे मी माती खाल्ली.

कारण तांडेलाचा हात एकदा खरोखर उठला होता. चार वर्षांपूर्वी, भर समुद्रात, फाटलेल्या जाळ्यावरून भांडण होऊन त्याने धाकट्या भावाच्या डाव्या कानावर वल्हे हाणले होते. भाऊ होडीच्या तळात कोसळला. तीन दिवस त्याच्या कानातून रक्त आणि पाणी येत होते. तो वाचला, कान गेला. तांडेलाने देवळात पाषाणावर हात ठेवून शपथ घेतली की पुन्हा माणसावर हात उचलणार नाही. भाऊ होडीवर परत आला तो एकच वाक्य बोलून: "ज्या दिवशी उचलशील, त्या दिवशी माझं वल्हं दुसऱ्याच्या होडीत." तेव्हापासून दोघे एका होडीवर होते आणि ते वाक्य त्यांच्यामध्ये बसलेले असायचे.

तांडेलाने मला विचारले, "भाऊ, नाटकातला हात शपथेत धरतात काय?"

मी कारकुनाच्या थाटात निकाल दिला, "नाटकातला हात नाटकाचा."

पण त्याला तेवढ्याने बरे वाटेना. त्याचा धाकटा भाऊ आमच्या नाटकात मृदंग वाजवायचा. तांडेलाने त्यालाच जाऊन विचारले. भाऊ मृदंगाला कणीक लावत होता, मान वर न करता म्हणाला, "हात नाटकाचा असूंदे नायतर सरकारचा. माणसाला लागला तर लागला."

मग तालमीत काय होणार? सोटा वर जायचा झोकात, आणि खाली यायचा तो तान्ह्या पोराला थोपटल्यासारखा. मी मरायचो, पोरे हसायची. मी त्याला सांगितले की सोटा पांगाऱ्याचा आहे, कापसासारखा हलका, वर काथ्या गुंडाळलाय, लागणार नाही. तो मान हलवायचा आणि पुन्हा थोपटायचा. एकदा त्याची बायको तांदूळ पाखडता पाखडता म्हणाली, "अवो, राजाला मारायचा हाय, निजवायचा नाय!" सगळे हसले. भाऊ हसला नाही. त्याचे डोळे सोट्यावर होते.

तो सोटा मी माझ्या पडवीच्या कडेला उभा करून ठेवायचो, वळचणीखाली. श्रावणातल्या सरी. आठवडाभर पांगारा पाणी पीत होता आणि वरचा काथ्याही. हे त्या वेळी माझ्या डोक्यात आले नाही. माझे डोके नाटकात होते.

नाटकाच्या दिवशी झावळ्यांच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. रॉकेलच्या डब्याचा पत्रा पिवळा रंगवून माझ्या तोंडावर बांधला होता. पाठीशी जांभ्याचे चिरे रचून केलेले थडगे. मुंडाशात आमसुलाच्या आगळाने भिजवलेला कापूस, फुटल्याबरोबर रक्त वाहायला. अंगरख्याच्या आत पोटावर फडक्याची पिशवी, तिच्यात सकाळी खाडीत मिळालेल्या शेंगाळा माशांची आतडी. श्रावण असला तरी मला दरदरून घाम सुटला होता आणि वासाने माझाच जीव जायची वेळ आली होती.

मी दोन कैद्यांची मुंडकी उडवायचा हुकूम दिला. टाळ्या. बंडखोरांना मगरींपुढे टाकायला लावले. त्याहून जास्त टाळ्या. शेवटी मी गादीवर थडग्याकडे तोंड करून, लोकांना पाठमोरा बसलो आणि मृदंग चढत गेला. प्रधान मागे येऊन उभा राहिला. सोटा वर गेला.

आणि वरच राहिला.

मृदंगाने एकदा आवर्तन पुरे केले, दुसऱ्यांदा केले. मांडवात कोणी तरी खिदळले. मागून पोराचा आवाज आला, "आता निजवणार, बघ!" माझे नाटक माझ्या डोळ्यांदेखत बुडत होते. मग मी ते केले. पत्र्याच्या आडून, त्यालाच ऐकू जाईल असे, म्हणालो:

"मार की! भावाच्या कानात वल्हं घालताना नव्हता थांबला हात!"

श्वास आत ओढल्याचा आवाज मी ऐकला. जरासा वळलो, म्हणून आज हे लिहितो आहे. सोटा डोक्यावर यायचा तो खांद्यावर आला. वाळलेला पांगारा कापसासारखा असतो, पण भिजलेला पांगारा काय असतो ते माझी हासळी, गळ्याखालचे आडवे हाड, जाणते. हाड मोडल्याचा आवाज मला आधी कळला, दुखणे मागाहून. मी गादीवरून तोंडघशी गेलो. पत्र्याची कड कपाळात रुतली, डोके थडग्याच्या चिऱ्यावर आपटले, आणि मिसरचा राजा मेला.

पुढचे मला इतरांनी सांगितले. सगळा मांडव उभा राहून टाळ्या पिटत होता. तांडेल वाकला, माझ्या कपाळावरचे लाल बोटांना लावले आणि नाकाशी नेले. आगळ आंबट वासाचे. हे आंबट नव्हते. त्याने सोटा खाली ठेवला, फेकला नाही, हळूच ठेवला, आणि मांडवाच्या मागून निघून गेला. लोकांना वाटले, प्रधान पळाला. नाटकात तसेच होते.

त्याची बायको सुरी घेऊन पुढे आली. तिला काहीच ठाऊक नव्हते, तिच्या दृष्टीने मी आयुष्यात प्रथमच नीट पडलो होतो. तिने पदर खोचला, मला उताणा करून तोंडावरचा पत्रा काढला, माझा अंगरखा टरकावला, पिशवी एका झटक्यात खालून वर चिरली, मनगटापर्यंत हात घातला आणि आतड्यांचा लोळ वर उचलून सगळ्यांना दाखवला. त्या दोन बायका उठल्या त्या इथे. तिने गळाने माझ्या नाकातून मेंदू काढला. मेंदू म्हणजे ओल्या खोबऱ्याचा गोळा, पण गळ खरा होता. मग तिने टोपलीतले खडे मीठ दोन्ही ओंजळींनी घेतले आणि राजाला खारवायला सुरुवात केली. पोटावर, छातीवर, आणि शेवटी कपाळावर. चांगले रगडून.

मी जिवंत झालो.

माझ्या तोंडून जी किंकाळी फुटली ती मी आजवर कुठल्याही नाटकात पुन्हा काढू शकलेलो नाही. अर्धा मांडव पळाला. उरलेला अर्धा ओरडला, "राजा जिता झाला!" आणि तांडेलाची बायको, हात मिठात तसेच ठेवून, प्रेक्षकांना ऐकू जाईल असे म्हणाली, "नीज मेल्या, अजून चाळीस दिवस हायत!"

मग तिने स्वतःच्या तळहाताकडे पाहिले. मीठ लाल झाले होते.

मला गुंडाळायला जुन्या धोतरांच्या पट्ट्या काव लावून तयार ठेवल्या होत्या. त्यांनीच तिने माझा दंड छातीशी आवळून बांधला आणि डोके गुंडाळले, तोंडाने मला, मिसरला आणि माझ्या सात पिढ्यांना शिव्या देत. तेवढ्यात काठावरून एक म्हातारा सांगत आला. तांडेल होडके घेऊन पलीकडे गेला होता. जाताना एवढेच बोलला होता, "मिया मारला त्याला. चौकीत जातंय."

मृदंग थांबलेलाच होता. भावाने तो वाळूत आडवा केला. "वयनी, ह्यांना होडीत बसवूया," एवढेच म्हणाला.

तो वल्हवत होता, मी समोर. मध्ये खाडी भरून येत होती. प्रत्येक वल्ह्याला माझी हासळी आतून करवतल्यासारखी व्हायची. तो माझ्याकडे नाही, पाण्याकडे पाहत होता. मग, "उद्यापासून मिया दुसऱ्या होडीवर," म्हणाला. जणू मासळीचा भाव सांगतो आहे.

मी भित्रा माणूस. मी सरकत सरकत त्याच्या डाव्या बाजूला गेलो आणि बोललो. सगळे बोललो. की तांडेल मारणार नव्हता, की मी त्याला डिवचले, वल्ह्यावरून, कानावरून, टाळ्यांसाठी. माझे बोलून झाले. तो वल्हवत राहिला. किती हलके वाटले म्हणून सांगू! सांगून झाले होते आणि ऐकले कोणीच नव्हते.

पण काठ जवळ यायला लागला. चौकीच्या पायऱ्या आठवल्या. मी कण्हत, होडी डुलवत, त्याच्या उजव्या बाजूला आलो आणि तेच पुन्हा म्हणालो, शब्द न शब्द.

त्याचे वल्हे पाण्यात थांबले. तो माझ्याकडे पाहत राहिला. वाटले, आता हा मला पाण्यात लोटणार. हात बांधलेला, मी दगडासारखा गेलो असतो.

"मगाशी त्या बाजूला पण ह्याच सांगत होतास काय?" त्याने विचारले.

"हो."

तो थुंकला, पाण्यात, आणि वल्हवू लागला.

चौकीत एक म्हातारे हवालदार होते. आम्ही पायऱ्यांवर पोहोचलो तेव्हा आतून त्यांचा आवाज येत होता, वैतागलेला.

"कितीदा सांगू? राजा मेला त्याला वर्षं झाली! बंदोबस्ताला मी स्वतः होतो. आजारी होता, अंथरुणावर गेला. तू कसा मारशील?"

"त्यो नाय, साहेब. मिसरचा."

"मिसरचा राजा सरकारनं कधी आणला? मला कसं ठाऊक नाही?"

"आज दुपारी होता. भाट्याला. मिया सोट्यान मारला. त्याचा रक्त हाय माझ्या हाताला, बघा. हात बांधा माझे."

त्याने दोन्ही मनगटे जुळवून पुढे केली होती. मी दारात उभा राहिलो. कावेच्या पट्ट्यांत गुंडाळलेला, मिठाने पांढरा, पोटावरून शेंगाळ्याचे एक आतडे लोंबणारा. हवालदारांनी टेबल धरले. तांडेल वळला. मला वाटले होते तो ओरडेल. त्याने पुढे होऊन माझ्या गुडघ्याला हात लावला, गरम आहे का ते पाहिले, आणि तिथेच, चौकीच्या फरशीवर, खाली बसला.

हवालदार सावरले आणि त्यांना आपले काम आठवले. हाड मोडले आहे, कपाळ फुटले आहे, मारणारा कबूल आहे, आता हे कागदावर यायला हवे. मी सांगितले, मी पडलो, चिऱ्यावर. त्यांना ते पटेना. ते भावाकडे वळले.

"तू होतास तिथं? ह्यानं ह्यांना मारलान की नाय?"

तांडेलाने मान वर केली नाही. त्याला तुरुंगाचे काही वाटत नव्हते, हे मला त्याच्या पाठीवरून दिसत होते. तो फक्त त्या एका उत्तराकडे कान लावून बसला होता.

भाऊ एक पाऊल पुढे आला. मग त्याने आपल्या डाव्या कानाला बोट लावले.

"राजाची गादी माझ्या ह्या अंगाला होती, साहेब. ह्या कानान मला काय ऐकायला येत नाय."

"अरे, डोळे होते ना?"

"डोळे मृदंगावर."

"हा कान कशानं गेला?"

"लहानपणी पाणी गेला हुता," भाऊ म्हणाला. "चल दादा. भरती चढली. नारळ द्यायचा रवलाय."

हवालदारांनी आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिले आणि लेखणी खाली ठेवली. "त्या आतड्याला बाहेर न्या आधी," ते मला म्हणाले.

काठावर तांडेल होडीच्या पुढच्या टोकाला बसायला गेला, भावापासून होईल तितका लांब. भावाने वल्हे उचलले, क्षणभर तोलले, आणि त्याच्यापुढे धरले.

"तू मार," तो म्हणाला. "माझे हात दुखले मृदंग वाजवून."

तांडेलाने ते लगेच घेतले नाही. त्या वल्ह्याकडे तो असा पाहत होता की मला थडग्याच्या भिंतीवरचा प्रधान आठवला. मग घेतले. भाऊ त्याच्याकडे पाठ करून बसला, डावा कान वल्ह्याच्या बाजूला करून. ते मी पाहिले, आणि खाडी पार होईपर्यंत एक शब्द बोललो नाही. मला ओळखणारे यावर विश्वास ठेवत नाहीत.

पलीकडे सगळी वाडी पाण्याशी उभी होती. तांडेलाची बायको पुढे, एका हातात समुद्राला द्यायचा नारळ, दुसऱ्या हातात टोपली. तिने नवऱ्याच्या हातातले वल्हे पाहिले, दिराची पाठ पाहिली, आणि नारळ नवऱ्याकडे दिला. मग माझ्याकडे वळली.

"या राजे," ती म्हणाली. "मीठ अजून उरलाय."